मोहफुलांची पेटी

मित्रांनो, मी मोहफुलं वाळवणारी एक जुनी पेटी आहे. सालेकशाजवळच्या एका गावात बचत गटाच्या शेडमागे पडून असते. मला वीज लागत नाही, ऊन पुरतं. वर काच, आत जाळीचे ट्रे.

नागपूरच्या इंजिनिअर योगेश्वरीताईंनी मला बनवलं. झाकण घट्ट बंद ठेवा, असं त्यांनी सांगितलं होतं. पहिल्याच हंगामात फुलं आंबली. गटातल्या चमेलीने मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून त्यांना ती दाखवली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी कागद पाहून राहिल्या, आमी फूल पाहून राहिलो. याले वारा पाहिजे."

ताई हसल्या. मग महिनाभर रोज फोन चालला. बाया फूल बोटाने दाबून किती वाळलं ते सांगायच्या, ताई तिकडे लिहून घ्यायच्या. शेवटी माझ्या पाठीला वारा खेचणारी नळी बसली आणि कोरडी, तांबूस फुलं निघू लागली. दुरून लोक मला पाहायला आले. चमेलीचा नवरा दसरू रोज माझी काच पुसायचा.

दोन वर्षांपूर्वी चमेली तापाने गेली. पुढे विजेचं यंत्र आलं. ते काम लवकर करतं, खोटं कशाला बोलू? पण लोखंडी दार बंद, आतलं दिसत नाही. बटण दाबून बाया गप्प बसायच्या. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. माझ्यावर बकऱ्या चढू लागल्या.

यंदा गटाच्या अध्यक्ष शकुंतलाबाईंनी मला भंगारात द्यायचं ठरवलं. गाडीत चढवायला दसरूलाच बोलावलं. त्याने मला हात लावला नाही.

"काकी, नेऊ द्या हिले. पण सांगा, या नव्या मशीनले बायांनी काय शिकवलं?"

शकुंतलाबाईंनी शेडमध्ये बटणापाशी बसलेल्या बायांकडे पाहिलं. मग त्यांनी गाडी परत पाठवली आणि ताईंना फोन लावला.

ताई आल्या, दिवसभर बायांमध्ये बसल्या.  गटातली मुन्नीबाई म्हणाली, "डोयानं दिसल्याबिगर हात कसा चालन, मॅडम?"

आता नव्या यंत्राच्या दाराला काचेची खिडकी आहे, आणि बाया पुन्हा भांडत भांडत नवं काही सुचवतात.

मित्रांनो, यंत्र पुसत जा, त्याला तेलपाणी करा. पण त्याच्यापाशी काम करणाऱ्या माणसालाही विचारत जा. तो असेपर्यंत विचारा.

शेडमधला गलबला मला इथे ऐकू येतो. दुपारी दसरू माझ्याजवळ येऊन बसतो. त्या गलबल्यात एक आवाज कमी आहे. आम्ही दोघं ऐकत राहतो.