आप्पांनी लिहिलेली नोंद

करुणा सोनवणे पहिल्यांदा माझ्याकडे आली ती गेल्या मार्चमध्ये, हातात एका जुन्या पानाची झेरॉक्स घेऊन. कन्नडच्या पुढे घाटाजवळ आमचं गाव. तिथल्या भिल्लवाडीतली ही मुलगी इथं शहरातल्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करायला निघाली होती. कांदाचाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की आधीच कळवणारं यंत्र तिला बनवायचं होतं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या संशोधन फेलोशिपला तिची निवड झाली होती. पण महिनाअखेरपर्यंत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड रद्द होणार होती. आणि प्रमाणपत्र अडलं होतं त्या झेरॉक्सवर.

"आजी, तुमाला उर्दू येतं म्हणं. गावात म्हणले, मास्तरांची मुलगी शहरात हाय, तिला इचार."

मी चष्मा लावला. आमच्या शाळेच्या दाखल रजिस्टरचं पान होतं, एकोणीसशे एकोणपन्नास सालचं. निजाम गेला तरी उर्दूतलं रजिस्टर तेच चालू होतं. अक्षर आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. रामकिसन, वय आठ. जातीच्या रकान्यात कुणबी.

"हे आमचे आजोबा," करुणा म्हणाली. "आमी भिल्ल. बाकी सगळ्या कागदांवर भिल्लच हाय. पण समितीवाले म्हणतात, सगळ्यात जुना कागद खरा. आख्खा तालुका कुणबी नोंद शोधत फिरतोय, आन् घावली कुणाला, तर मला."

ती हसली, म्हणून मीही हसले.

"चुकून लिहिलं असंल ना हो मास्तरांनी?"

"चुकून नाही," मी म्हणाले. झेरॉक्स घडी करून तिला परत दिली. समितीपुढं येते, एवढं मात्र कबूल केलं.

ते वर्ष मला अजून वासासकट आठवतं. मारुतीच्या देवळामागं चार वर्गांची शाळा, सारवलेली जमीन, आप्पांची दौत. दौतीत पाणी घालायचं काम माझं, त्यामुळे नाव घालताना मी त्यांच्या शेजारीच बसलेली असे. रामकिसनचे आईबाप त्या साली घाटाखालून, खानदेशातून आले होते. एका मळ्यात राखणीला राहिले होते, गावाला त्यांची ओळख नव्हती. आप्पांनी जात विचारली. बाप भिल्ल म्हणाला. आप्पांचा टाक थांबला. भिल्लांची पोरं शाळेत बसवायची नाहीत, असं आमच्याच भावकीनं त्यांना बजावलं होतं. आप्पांनी कुणबी लिहिलं, टिपकागद दाबला आणि मला म्हणाले, "बाहेर बोलायचं नाही."

मी पाच महिने बोलले नाही. मग दिवाळीच्या सुमाराला एक तोंडी हिशेब रामकिसननं माझ्या आधी सांगितला आणि आप्पांनी भर वर्गात त्याची पाठ थोपटली. माझी कधी थोपटली नव्हती. दुपारी विहिरीवर मी चुलतबहिणीला सांगून टाकलं, तो भिल्लाचा आहे. दिवेलागणीला चुलते आमच्या ओट्यावर. सकाळी आप्पांनी रामकिसनला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर बरेच दिवस तो शाळेच्या पायऱ्यांखाली उभा राहून आमच्याबरोबर पाढे म्हणायचा. मग यायचा बंद झाला.

आमच्या घरात या गोष्टीचा पहिला अर्धा भागच सांगतात. आप्पांनी सगळ्यांना शाळेत घेतलं, एवढाच.

सुनावणीच्या आदल्या दिवशी इंद्रजीत आला. माझा भाचा; गावातली शाळा आता त्याची संस्था चालवते आणि कमानीवर आप्पांचं नाव आहे. त्याला बातमी लागली होती.

"आत्या, आप्पांनी खोटं लिहिलं म्हणून शपथेवर सांगणार तू?"

"लिहिलंच होतं."

"चांगल्यासाठी लिहिलं ना? मग आता चव्हाट्यावर कशाला? तुझं वय झालंय. आठवत नाही म्हण. चौऱ्याऐंशीच्या बाईला कोण हटकणार?"

"गोळी घेतली का नाही ते आठवत नाही रे. हे आठवतं."

"त्या पोरीला दुसरी फेलोशिप मिळेल."

"तुझ्या पोराला पहिली सोडायला लावली असतीस का?"

चहा तसाच ठेवून तो उठला.

समितीच्या बाई पन्नाशीच्या, शांत होत्या. शेजारी कारकून लिहून घेत होता. करुणा माझ्या डाव्या हाताला बसली होती. मी दौतीपासून सांगायला सुरुवात केली. विहिरीपाशी आले तेव्हा करुणाच्या हातातली फाइल मिटल्याचा आवाज आला. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

"पण इथं शेरा आहे," बाई म्हणाल्या. "सतत गैरहजर, सबब नाव कमी."

"तोही खोटा आहे. त्याचा एक दिवस चुकला नव्हता. हजेरीपट काढून बघा."

"पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा हजेरीपट कुठून आणायचा?"

"शाळेच्या लोखंडी कपाटात आहे. किल्ली माझ्या भाच्याकडं."

बाईंनी तपास अधिकाऱ्यासाठी टिपण केलं. "म्हणजे तुमच्या वडिलांनी दोनदा जाणूनबुजून खोटी नोंद केली. असं लिहू?"

"लिहा. आणि विहिरीवर सांगणारी मी होते, तेही लिहा."

"ते लागणार नाही," बाई म्हणाल्या आणि कागद सहीसाठी माझ्यापुढं सरकवला.

जिन्यात करुणानं माझा दंड धरला होता. तळमजल्यावर आल्यावर सोडला.

"आजोबा म्हणायचे, शेळ्या राखायला कुणी नव्हतं म्हणून शाळा सोडली. फेलोशिपच्या मुलाखतीत मी तेच सांगितलं. साहेब लोक लई खूश झाले ऐकून."

मी जिन्याच्या कठड्याला टेकले.

"तुमी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या, असं म्हणायला पायजे ना मी आता?"

"नको म्हणूस."

"नाय म्हणत." ती रस्त्याकडं बघत होती. "गेल्या साली वारले ते. त्याच्या आधी आला असता तुमी एकदा, तर."

तिनं रिक्षा थांबवली, मला आत बसवलं, चालकाला क्रांती चौकाच्या अलीकडं आजींना सांभाळून उतरवा म्हणाली आणि बसस्थानकाकडं चालू लागली.

तपास अधिकारी गावात गेला. इंद्रजीतला किल्ली द्यावी लागली. हजेरीपटात जूनपासून नाव कमी झालं त्या दिवसापर्यंत रामकिसन रोज हजर होता. बाकीचे कागद होतेच. मुदतीला दोन दिवस राहिले असताना करुणाला प्रमाणपत्र मिळालं, फेलोशिप वाचली. हे मला इंद्रजीतनंच फोनवर सांगितलं, वर म्हणाला, "झालं समाधान?" त्यानंतर त्याचा फोन नाही.

करुणानं निकालाच्या आदेशाचा फोटो पाठवला, सोबत एक अक्षरही नाही. मी भिंग घेऊन तो दोनदा वाचला. तत्कालीन मुख्याध्यापकांनी हेतुपुरस्सर चुकीची नोंद केली, पुढे चुकीचा शेरा मारून विद्यार्थ्याचं नाव कमी केलं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. विहिरीचा कुठं उल्लेख नव्हता. माझं नाव शेवटच्या परिच्छेदात होतं, विश्वासार्ह साक्षीदार म्हणून.