नळाखालची आंबुटी

मी एक म्हातारे निळे फुलपाखरू आहे. म्हातारे म्हणजे सहा दिवसांचे. हसू नका मित्रांनो, आमच्यात आठवडा भरला तरी खूप झाले. आकाराने मी शर्टाच्या बटणाएवढे, त्यातही पंख मिटले की राखाडी. मग माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

माझा जन्म याच अंगणात, आंबुटीच्या पानाखाली झाला. आंबुटी म्हणजे तीन-तीन पानांचे आंबट, बुटके तण. अळी असताना मी दुसऱ्या कशाला तोंड लावले नाही. माझ्या पाठीतून गोड थेंब पाझरे, तो पिऊन मुंग्या माझी राखण करत. लाडाचे दिवस होते ते.

विटेआडच्या कोशातून बाहेर आले, तर अंगण ओळखू येईना. घरच्या सूनबाईंना निळी फुलपाखरे फार आवडतात. ती कमी झाली म्हणून त्यांनी सारे तण उपटले आणि मोठ्या फुलांची रोपे लावली, तीही आमच्यासाठीच. फुलांत मध भरपूर होता. पण अंडी कुठे घालू?

आम्ही पायांनी चव घेतो. पाच दिवस मी पानापानावर उतरले आणि त्या आंबट चवीसाठी झुरले. आज सकाळी आंबुटी नळाखालच्या फटीत सापडली, मूठभर. मी एकेका पानाखाली एकेक अंडे ठेवू लागले, तोच सूनबाई खुरपे घेऊन आल्या.

"एवढं राहिलंच होतं की," त्या पुटपुटल्या.

पायरीवर त्यांचे घड्याळजी सासरे एक घड्याळ दुरुस्तीला उघडून बसले होते. "थांब गं जरा. ते पाखरू केव्हाचं तिथंच घुटमळतंय."

"तुम्हाला घड्याळाबाहेरचं दिसतं होय, बाबा?"

सासऱ्यांनी डोळ्याला लावलेले भिंग काढून त्यांच्या हाती दिले. सूनबाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी एकेक पान उलटून पाहिले.

"अंडी आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे इतके दिवस मीच..."

त्यांनी खुरपे ठेवले आणि आंबुटीभोवती चार विटा रचल्या.

माझे पंख आता कडेने फाटले आहेत. पिले निळी होऊन उडतील, तेव्हा मी नसेन. मित्रांनो, अंगणात हातभर जागा तणालाही ठेवा. आणि पायांजवळून इवलेसे निळे काही उडाले, तर माझ्या वाटणीचेही पाहून घ्या.