पाठमोरा काटा

"अहो काका, हे काय केलंत?" नर्स दारातच थबकली. "डबी पुढे का आणलीत?"

काटेवाले गुडघ्यांवर बसून शेवटचा स्क्रू पिळत होते. वजनकाटे दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेलेला माणूस. काट्यावर उभं राहणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर आकड्यांची डबी ठोकलेली पाहून ते मनातल्या मनात हसले होते. त्यांनी ती काढून समोरच्या भिंतीवर बसवली, वीस-वीस किलोची वजनं ठेवून काटा तपासला आणि स्वतःवरच खूश झाले.

"कुणीतरी शहाण्यानं मागे लावली होती."

"तो शहाणा म्हणजे आमच्या डॉक्टरबाई. इथे पेशंटला आकडा दाखवत नाहीत. आम्ही बघतो, आम्हीच लिहितो."

"का?"

"जेवणाची भीती असते त्यांना. किती खाल्लं, अंगाला किती लागलं, दिवसभर डोक्यात तेच. आकडा दिसला की आठवड्याची मेहनत पाण्यात."

"पोरीच असतील."

"पोरी असतात, आजोबा असतात. मागच्या महिन्यात एक ट्रकवाले आले होते, तुमच्याच वयाचे."

काटेवाल्यांनी मान खाली घातली आणि डबी पुन्हा उतरवायला घेतली.

लहानपणी पानावर बसले की वडील म्हणायचे, "पोतं भरतंय बघा आमचं!" सगळे हसायचे, हेही हसायचे. वडील जाऊन जमाना झाला, पोत्याची काठी झाली, पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली. तरी प्रत्येक जेवणाला ते वाक्य येऊन शेजारी बसायचं. मग काटेवाले हत्यारांची नावं घोकायचे. पाना, पक्कड, कानस, हातोडी. कधी ते वाक्य निघून जायचं, कधी ठाण मांडायचं. लोक म्हणत, काय काटक आहात हो! पन्नाशी उलटलेला बाप्या घासाला घाबरतो, हे सांगणार कुणाला? लाज वाटायची आणि फार एकटं वाटायचं.

"आता चढून बघा ना एकदा," डबी परत मागे बसल्यावर नर्स म्हणाली.

घरच्या काट्यावर ते उठल्यावर चढत, जेवणाआधी चढत, जेवल्यावर चढत. आज पहिल्यांदा आकड्याकडे पाठ करून उभे राहिले. समोर नुसती पांढरी भिंत होती.

"लागलाय बरोबर," ती मागून म्हणाली.

ओठांवर आलेलं 'किती' त्यांनी गिळलं. हत्यारं पिशवीत भरता भरता विचारलं, "इथे यायचं तर नाव आधी द्यावं लागतं का?"

"हो. कुणासाठी?"

"ओळखीतला आहे एक."

तिनं वर न बघता दवाखान्याचं कार्ड पुढे केलं.

बाहेरच्या बाकावर त्यांनी डबा मांडीवर घेतला. एक वाजला आणि रोजच्यासारखा थोरल्या बहिणीचा फोन आला. आई गेल्यापासूनची अकरा वर्षं तिचा हा नेम चुकला नव्हता.

"जेवलास का रे?"

डबा कितीदा तरी भरलेलाच परत गेला होता, पण उत्तर ठरलेलं असायचं, 'हो, आत्ताच.' आज त्यांनी ते दिलं नाही.

"नाही गं ताई. बरेचदा जेवतच नाही. तुला खोटं सांगतो मी."

पलीकडे तिचं शिलाई मशीन थांबलं.

"मला कळायचं रे," ती हळूच म्हणाली. "खोदून विचारलं तर फोनही उचलायचा नाहीस, म्हणून गप्प राहिले."

काटेवाल्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्यांनी तिला फसवलं नव्हतं, तिनं सांभाळून घेतलं होतं.

"फोन ठेवू नकोस," ते म्हणाले.

"नाही ठेवत."

त्यांनी फोन बाकावर ठेवून डबा उघडला. पहिल्या घासाला वडील आले. पाना, पक्कड, कानस. दुसऱ्या घासालाही आले. पलीकडे मशीन सावकाश सुरू झालं. ते चालू राहिलं तोवर काटेवाले चावत राहिले.

"झालं?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

त्यांनी डब्यात बघितलं.

"अर्धं."

"बरं," ताई म्हणाली आणि शिवत राहिली.