रविवार दुपारची पौर्णिमा

माणूस धर्म बदलतो तेव्हा त्याच्या आत्म्यात मोठी उलथापालथ झालेली असते. व्हर्ना टोलेफसनच्या बाबतीत ती कॉफीच्या यंत्राने केली. त्यांच्या मिनेसोटातल्या गावच्या लुथरन चर्चमध्ये नवे पाद्री आले, त्यांनी तळघरात बटण दाबले की कॉफी देणारे यंत्र बसवले आणि व्हर्नाला प्रेमाने सांगितले, "आता तुम्ही वर येऊन निवांत बसा."

व्हर्नाची हयात त्या तळघरात कॉफी उकळण्यात आणि छतातून झिरपणारी भजने ऐकण्यात गेली होती. ती वर गेली. वर प्रत्येक बाक कोणाचा ना कोणाचा ठरलेला. जिथे टेकावे तिथे कोणीतरी येऊन शेजारी उभे राहायचे, आणि काही न बोलता नुसते हसायचे. काही रविवार हे हसणे सोसून व्हर्ना घरी बसली. नवरा मागेच गेला होता. घरात बोलणारा असा एक रेडिओ, तोही फक्त हवामानाबद्दल.

लोकरीच्या दुकानातल्या फळ्यावर, हरवलेल्या मांजराच्या चिठ्ठीखाली तिला दुसरी चिठ्ठी दिसली: 'चेटकिणींचे मंडळ. दर पौर्णिमेला. चौकशी गल्ल्यावर.'

गल्ल्यावर मालकीण मार्लिस होती. व्हर्नाने करडी लोकर घेतली, नको असलेल्या सुया घेतल्या, तरी पाय निघेना.

"आणखी काही?"

"ते... फळ्यावरचं."

"मांजर? सापडलं ते."

"नाही. त्याच्या खालचं."

मार्लिसने चष्म्यावरून तिला नीट पाहून घेतले. "अस्सं होय! मग रविवारी दुपारी ये माझ्या घरी. मोजे जाड घाल, फरशी गार असते."

"पौर्णिमा दुपारी?"

"अंधारात बर्फावरून गाडी हाकेल अशी एकही उरली नाही बाई आमच्यात."

"पण चंद्र?"

"असेल की पलीकडच्या बाजूला. जातोय कुठे?"

नव्या बाईने एक वर्ष आणि एक दिवस शिकायचे, मग सगळ्यांनी हो म्हटले तर तिला रिंगणात घ्यायचे, अशी रीत होती. एकीने जरी नाही म्हटले तरी संपले. व्हर्ना वर्षभर मार्लिसच्या दिवाणखान्यात रिंगणाबाहेरच्या स्टुलावर बसून शिकली. रिंगण काळ्या मुठीच्या सुरीने हवेत आखायचे. एकदा आखले की ओलांडायचे नाही. जिने आखले तिनेच सुरीने दार कापायचे, मगच बाहेर. विधी विवस्त्र करावा असे जुनी माणसे सांगत, पण फेब्रुवारीचा विचार करून मंडळाने लोकरीचा बनियन हा कातडीतच धरला होता.

शिकवायला आर्डिस क्वाम होती. जन्मभर सरकारी वजनमापे तपासून निवृत्त झालेली.

"डावीकडून कुठे निघालीस? सूर्य तसा फिरतो का? पुन्हा!"

"चुकले हो."

"चुकलीस ते दिसलं मला. पुन्हा."

नैवेद्याची चंद्रकोरी बिस्किटेही दर महिन्याला आर्डिसच करी. ओव्हनशी तिचे उभे वैर होते आणि ते बिस्किटांच्या तळाला दिसे. तरी तीच का करते, हे विचारायची व्हर्नाची छाती नव्हती. ती मुकाट्याने बिस्कीट कॉफीत बुडवून मऊ होण्याची वाट बघे. नकार आलाच तर आर्डिसकडूनच येणार, याची तिला खात्री होती.

शेवटी तो रविवार आला. व्हर्नाच्या डोळ्यांवर जाड पट्टी आणि मनगटांना सैलसर दोरी बांधून तिला रिंगणाबाहेर उभे केले गेले.

"बोलावेपर्यंत इथून हलायचं नाही," आर्डिसने बजावले. "हललीस तर पुन्हा एक वर्ष आणि एक दिवस."

मार्लिसने रिंगण आखले, वेदीपुढे गुडघे टेकले आणि चारी दिशांना हाका मारायला घेतल्या. ती उत्तरेपर्यंत पोचली असेल नसेल, व्हर्नाच्या नाकाला वास लागला. लोणी करपायच्या आधीचा. मग करपल्याचा. मग रिंगणातल्यांनाही लागला.

"अगं बाई, माझी बिस्किटं!" आर्डिस ओरडली. "मार्लिस, दार काप!"

"कापते, पण आधी मला उठव!"

"गुडघे टेकलेसच कशाला?"

"विधी आहे तो!"

"पडद्याजवळ धूर आलाय गं!" आणखी कोणीतरी म्हणाले.

दोघीतिघी मार्लिसला काखेत हात घालून ओढू लागल्या. रिंगण ओलांडायचे मात्र कोणाच्या मनातही आले नाही. बाहेर होती ती एकटी व्हर्ना. तिला वर्ष दिसले, स्टूल दिसले, रेडिओ दिसला. पण तोवर तिचे पाय स्वयंपाकघरात पोचलेही होते. बांधल्या हातांनी तिने पट्टी ओढून काढली, तिचीच घडी करून ट्रे बाहेर घेतला, ओव्हन बंद केला, खिडकी उघडली. मग डागलेली पट्टी डोळ्यांवर चढवून आपल्या जागी येऊन उभी राहिली.

सगळ्यांनी आर्डिसकडे पाहिले असणार, हे व्हर्नाला पट्टीआडूनही कळले.

"हलली ती," कोणीतरी हळूच म्हणाले.

"कुठे हलली?" आर्डिस खेकसली. "घरातच होती ना? दार काप मार्लिस. घ्या तिला आत."

सुरीचे टोक छातीला लागले. कशाच्या जोरावर आलीस, असे विचारले गेले. "पूर्ण प्रेम आणि पूर्ण विश्वास," व्हर्ना म्हणाली. आत घेऊन त्यांनी दोरी सोडली, पट्टी काढली, एकेकीने गालाचा मुका घेतला. उत्तरेला, मार्लिस आणि खिडकी यांच्या मधे, एक जागा रिकामी होती. व्हर्ना तिथे उभी राहिली. शेजारी येऊन कोणीच हसले नाही.

सगळ्यात शेवटी आर्डिस आली. तिने व्हर्नाला घट्ट मिठी मारली. डोळ्यांत चक्क पाणी होते.

"किती वर्षं वाट पाहिली गं तुझी," ती म्हणाली, आणि आपला एप्रन काढून व्हर्नाच्या गळ्यात घातला.

नैवेद्याची बिस्किटे मंडळातल्या सर्वांत नव्या बाईने करायची असतात.