मनुहारीचा हात

काकोसांच्या मुलाच्या लग्नाला निघण्यापूर्वी गवरजाने धाकट्या भावाला मुगाचं कढण आणि काकडी पोटभर खायला घातली आणि पुन्हा बजावलं, "बुलाकी, पंगतीत बसायचं नाही. आहेर द्यायचा आणि उभ्या उभ्या परत यायचं."

"बाईसा, लोक काय म्हणतील? बिकानेरात लग्नाला जायचं आणि न जेवता यायचं?"

"लोकांचं यकृत कापायचं नाहीये. तुझं कापायचंय."

बाऊजींचं, म्हणजे त्यांचे वडील जेठमलजींचं, यकृत निकामी होत आलं होतं. दारूचा थेंबही कधी त्यांच्या ओठाला लागला नव्हता. दहा-बारा वर्षांपूर्वी सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली, तेव्हा घरभर हशा पिकला होता. "आमच्या भाईजींच्या अंगात चरबी नाही निघणार तर काय वाळू निघणार?" असं काकोसा म्हणाले होते. गवरजा प्राथमिक शाळेत शिकवायची. पोरांना सांगावं तसं तिने सगळ्यांना समजावून पाहिलं. आधी नुसती चरबी साठते. दुखत नाही, खुपत नाही. मग तिच्यामुळे आतून सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली की व्रण पडतात, आणि व्रणावर व्रण साचून मऊ यकृताचा दगड होतो. सुरुवातीला माणूस परत फिरू शकतो, शेवटी नाही. वर्गातल्या पोरांना हे एका तासात कळलं असतं. घरातल्या मोठ्यांना कळायला बाऊजींच्या पोटात पाणी भरावं लागलं.

आता जयपूरचे डॉक्टर म्हणत होते, जवळच्या कुणाच्या यकृताचा तुकडा लावावा लागेल. गवरजाचा रक्तगट जुळला नाही. बुलाकीचा जुळला, पण पस्तिशीतल्या बुलाकीच्या यकृतातही चरबी निघाली. असं यकृत घेतलं तर देणारा आणि घेणारा, दोघेही धोक्यात. दीड महिना गोड, तूप, तळलेलं बंद करा, चाला, वजन उतरवा, मग पुन्हा तपासू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याहून जास्त थांबायला बाऊजींकडे वेळ नव्हता. बुलाकीने तोंड पाडून का होईना, महिना काढला. तपासणी पंधरवड्यावर आली आणि मध्येच हे चार दिवसांचं लग्न उपटलं.

मांडवात गवरजा बायकांच्या घोळक्यात अडकली. तिथून सुटून पुरुषांच्या पंगतीकडे आली, तर बुलाकी पाटावर बसलेला. समोर तुपात तळलेला, पाकात मुरलेला घेवर, त्यावर रबडी. आणि शेजारी खुर्चीवर, भावाच्या घरचं कार्य म्हणून हट्टाने आलेले बाऊजी! डोळे पिवळे, हात काटकुळे, पोट घड्यासारखं. त्या काटकुळ्या हातात घेवराचा तुकडा होता. त्यांच्या मनुहारीची, आग्रहाने भरवण्याची, सगळ्या गावात ख्याती होती. त्यांनी स्वतःच्या हाताने घास पुढे केला की नाही म्हणणारा माणूस बिकानेरात जन्मला नव्हता.

"तोंड उघड, बेटा. बापाचा हात आहे."

बुलाकीने तोंड उघडलं.

गवरजाने धावत जाऊन बाऊजींचं मनगट धरलं.

"हात सोड," बाऊजी दातओठ खाऊन म्हणाले. "भरल्या मांडवात बापाचा हात धरतेस?"

"धरते. दुसरं कुणी धरत नाही म्हणून धरते."

काकोसा वाढणं टाकून पुढे आले. "अगं मास्तरीणबाई, एका घासाने काय होतं?"

"एका घासाने काहीच होत नाही, काकोसा. पण तुमच्याकडे एक घास कधी असतो? यांच्या मागे तुम्ही, तुमच्या मागे मामोसा, मग व्याही. उद्या पुन्हा हेच, परवा पुन्हा हेच. असा घास घास करूनच यांचं पोट असं झालंय."

"शुभकार्यात असलं बोलू नये."

"मग शुभ बोलते." गवरजाचा आवाज पार मंडपाच्या दारापर्यंत गेला. "ज्याला ज्याला बुलाकीला भरवायचंय, त्याने उद्या सकाळच्या गाडीने माझ्याबरोबर जयपूरला यावं. रक्त तपासावं, यकृताचा तुकडा द्यावा. मग खुशाल भरवा याला, मी स्वतः ताट धरते. बोला, कोण येतंय? मामोसा? काकोसा, तुम्ही तर सख्खे भाऊ!"

घास घेऊन पुढे आलेले दोन-तीन हात मुकाट्याने आपापल्या ताटाकडे वळले. काकोसांना एकाएकी स्वयंपाक्याला काही विचारायचं आठवलं.

"आणि तू?" ती बुलाकीवर घसरली. "तुला तोंड मिटता येत नाही?"

"बाऊजींना नाही कसं म्हणू?" बुलाकी रडवेला झाला. "पोट फाडून द्यायला तयार आहे मी, बाईसा. पण त्यांचा हात परतवणं नाही जमत."

बाऊजींचा हात अजून तिच्या मुठीत होता. रबडी मनगटावरून तिच्या बोटांवर आली होती. ती खाली वाकली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा घास तुम्ही त्याच्या तोंडात घालताय, बाऊजी, पण तो जाणार तुमच्याच पोटात. त्याचं यकृत तुमचं होणार आहे. दगड झालेलं एक पुरेना?"

बाऊजींनी तुकडा ताटात ठेवला. मनुहारीचा हात रिकामा मागे घेताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"बुलाकी, ऊठ."

"बाऊजी, पंगत बसलीय..."

"ऊठ म्हणतो ना!" ते स्वतःच खुर्चीचे हात धरून उठू लागले. उठवेना. दोघा भावंडांनी त्यांना दोन्हीकडून धरलं. मागून काकोसा ओरडले, "भाईजी, माझ्या दारची पंगत मोडून जाताय?"

"मोडून जातोय."

रिक्षा घराच्या गल्लीत वळली तेव्हा बाऊजी म्हणाले, "जन्मभर किती जणांच्या तोंडात कोंबलं असेल गं मी?"

नाही हो बाऊजी, तुम्ही मायेने भरवलंत, असं काहीतरी तिने म्हणावं म्हणून बुलाकी बहिणीकडे बघत होता. गवरजाचा राग अजून उतरला नव्हता.

"पुष्कळांच्या," ती म्हणाली, आणि त्यांना उतरवायला हात पुढे केला.