गल्ली थांबवण्याचं काम

शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं दाखले लिहिल्यावर शाळाच बंद पडली आणि मावशी घरी बसल्या. वर्षभरात घरातलं प्रत्येक कपाट तीन-तीनदा आवरून झालं. शेवटी नवऱ्यानेच हात जोडले, "बाई गं, निदान माझा चष्मा तरी जागेवर राहू दे." तेव्हा धाकट्या बहिणीचा मुलगा म्हणाला, "मावशी, शूटिंगला येतेस का? प्रॉडक्शन असिस्टंट हवाय. सगळ्यात खालची पायरी आहे, पण दिवस कधी उजाडला नि कधी मावळला, कळत नाही."

अशा रीतीने एकोणपन्नासाव्या वर्षी मावशी पुन्हा नोकरीला लागल्या. भाचा त्या मालिकेचा सहायक दिग्दर्शक. सेटवर तो त्यांना 'अहो मावशी' म्हणे आणि घरी परतताना गाडीत बसला की पुन्हा 'अगं'. त्याचं ऐकून सगळेच मावशी म्हणू लागले. लाइटवाल्यांपासून नायिकेपर्यंत भाच्यांची नुसती रांग लागली.

कामाला ना आकार ना अंत. कुणाला टाचणी हवी, कुणाला छत्री. संवादांचे कागद वाटायचे, पाण्याच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, मेकअपच्या खोलीत रमलेल्या नटाला गोड बोलून बाहेर काढायचं. कमरेला वॉकीटॉकी आणि कानात तिची वायर. तीन आठवड्यांत मावशी तिच्यावर 'हो' आणि 'आले' याशिवाय तिसरा शब्द बोलल्या नव्हत्या.

त्या दिवशी शूटिंग एका अरुंद गल्लीतल्या घरात होतं. नवरा-बायकोचा शेवटचा सीन. दोघं खिडकीपाशी बसून राहतात, एक अक्षर बोलत नाहीत. अवाक्षर नसलेल्या सीनलाच सगळ्यात जास्त शांतता लागते, हे मावशींना नव्यानेच कळलं होतं. गल्लीच्या दोन्ही तोंडांना माणसं उभी केली, पंखे बंद केले, आणि कॅमेरा सुरू करायला 'रोल' म्हणताच शेजारून ठाक, ठाक, ठाक.

"मावशी," कानात भाच्याचा आवाज आला, "ती ठोकाठोक बंद करा. काहीही करून."

शेजारच्या दारात सत्तरीचे एक गृहस्थ गुडघे टेकून बसले होते. दाराच्या तीन पायऱ्यांवर फळ्या टाकून ते उतार बनवत होते. एका हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. म्हणजे हातोडीचा नेम बहुतेक वेळा चुकत असावा.

"मी सुतार नाही," ते आपणहून म्हणाले. "आयुष्यभर बस चालवली. दीड महिन्यानं बायको आज घरी येतेय. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालंय. चाकांची खुर्ची पायऱ्या कशी चढणार? तीन वाजता जावई घेऊन येईल."

मावशींनी घड्याळ पाहिलं. दोन वाजत आले होते. काम बंद करा म्हणायला तोंड उघडेना. मग त्यांना सुचलं. "असं करू. कानात 'रोल' ऐकलं की मी हात वर करीन, तुम्ही थांबायचं. 'कट' झालं की हात खाली. मग ठोका हवं तेवढं."

ड्रायव्हरकाका खूश झाले. "म्हणजे तुम्ही माझ्या कंडक्टर! पण घंटी नसलेल्या."

मग जे चाललं ते पाहण्यासारखं होतं. हात वर, हातोडी हवेत. हात खाली, चार घाव. मधल्या वेळात मावशी फळी धरून बसत. काकांनी कुजबुजत विचारलं, "सीन कसला आहे?"

"नवरा-बायको गप्प बसलेत."

"त्यासाठी एवढी माणसं?" काका म्हणाले. "आमच्याकडे दीड महिना तेच चाललंय. फरक एवढाच, की मी एकटाच आहे."

उतार पुरा होत आला होता, तेवढ्यात वॉकीवर गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आला, "एक गाडी आलीय. आत पेशंट आहे म्हणतात." लगेच भाच्याचा आवाज, "कुणालाही सोडू नका. खिडकीत ऊन आलंय, दहा मिनिटंच राहील. रोल!"

गाडी वेळेआधी आली होती. मावशींचा हात सवयीने वर गेला. काकांची मान गल्लीच्या तोंडाकडे वळली होती. जावयाची गाडी त्यांना दिसली होती. ते हातोडी खाली ठेवून उभे राहिले, इतकंच. पहिला टेक फसला. मावशींचा अंगठा वॉकीच्या बटणावर गेला आणि तिथेच थिजला. पुन्हा 'रोल'. पुन्हा हात वर. अकरा मिनिटांनी 'कट, ओके!' आलं आणि पलीकडच्या घरात टाळ्या वाजल्या.

गाडी दाराशी आली तेव्हा आतल्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही हातांनी त्यांनी सीटची कड घट्ट धरली होती. खुर्ची उतारावर चढेना. तो फारच उभा झाला होता. जावयाने पुढून ओढलं, काकांनी आणि मावशींनी मागून रेटलं. कानात "मावशी कुठे आहेत?" चाललं होतं. मावशींनी वायर काढून खांद्यावर टाकली.

चहाच्या सुट्टीत भाचा हसत आला. "मावशी, कमाल केलीत! एक आवाज नाही. दिग्दर्शकांनी नाव घेऊन कौतुक केलं तुमचं."

हातातला कप खाली ठेवून मावशींनी सगळं सांगितलं. गाडी, ऑपरेशन, अकरा मिनिटं.

भाचा शेजारच्या खोक्यावर बसला. मग 'अहो' विसरून म्हणाला, "अगं, मग मला सांगायचं होतंस ना."

"सांगितलं असतं तर थांबला असतास?"

त्याने कप हातात फिरवला. "खरं सांगू? माहीत नाही. ऊन जात होतं."

"मलाही माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "पण नाही म्हणायची पाळी तुझ्यावर यायला हवी होती. मी ती येऊच दिली नाही. शाळेतही माझं हेच होतं. वरून कागद आला की सही."

पुढच्या सीनला गल्लीच्या तोंडाशी मावशींनाच उभं केलं. ऐन 'रोल'च्या आधी एक बाई तापाने फणफणलेलं मूल खांद्यावर घेऊन धावत आली. मावशींनी बटण दाबलं. वॉकी तोंडाशी धरली. "एक मिनिट थांबा. माणूस सोडतेय." वॉकीवर कुणीतरी सुस्कारा टाकला. कॅमेरावाला काहीबाही पुटपुटला. मग भाच्याचा कोरडा आवाज आला, "थांबलोय. सोडा."

संध्याकाळी सामान गाडीत चढत असताना मावशी शेजारच्या घरी गेल्या. बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. काका स्वयंपाकघरात भांडी आदळत होते.

"तुम्हीच का त्या, हात दाखवून यांना गप्प करणाऱ्या?" बाईंनी विचारलं. "बेचाळीस वर्षांत मला नाही जमलं ते."

मावशींना हसू आलं नाही. "तुम्हाला गाडीत थांबावं लागलं, ते माझ्यामुळे. मी सांगू शकत होते आणि सांगितलं नाही."

वाटलं होतं, त्या म्हणतील, छे छे, त्यात काय एवढं. बाईंनी मावशींकडे नीट पाहिलं. "फार दुखलं हो," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

मावशींनी मान हलवली. बाईंनी 'असू दे' म्हटलं असतं, तर ते ऐकून त्या लगेच निघाल्या असत्या. आता निघता येईना. बाईंनी पायाशी पडलेली चादर दाखवली, "तेवढी अंगावर घाला. आणि बसा घटकाभर."

मावशींनी चादर घातली, खुर्ची ओढली आणि बसल्या.