केंपु, कप्पु

सेन्सरच्या टोकाशी तार लाल असते. इंजिनाच्या उबेत आणि तेलाच्या वाफेत राहून वीतभर पुढे ती विटकरी होते, मग तपकिरी, आणि जिथे कुणा जुन्या मालकाने जोड दिला आहे तिथून चक्क पांढरी. शेजारची काळी तारही त्याच जोडापासून पांढरी. म्हणजे डॅशबोर्डखाली पाय दुमडून बसलेल्या माणसाच्या हातात शेवटी दोन पांढऱ्या तारा येतात, आणि त्यांतली लाल कुठली, काळी कुठली, हे दुसऱ्या कुणीतरी गाडीखालून ओरडून सांगावं लागतं.

डॅशबोर्डखाली सुचेता बसायची, गाडीखाली अवधूत झोपायचा. गाडी त्याची होती. हिरवी, दोन सीटची, उघड्या टपाची, नव्वदच्या दशकातली जपानी. अवधूत दातांचा डॉक्टर, कन्नड मुलखात वाढलेला मराठी माणूस. इंदिरानगरात खाली दवाखाना, वर घर, मागे अंगण आणि अंगणात ताडपत्रीखाली ही गाडी. सुचेता मूळची नागपूरची. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका प्रयोगशाळेत ती सेन्सर तपासायची आणि सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. दाढेचं रूट कॅनल करायला आली, तेव्हा बधिर तोंडाने खिडकीतून अंगण न्याहाळत बसली. बोलता यायला लागल्यावर तिने पहिला प्रश्न दाढेचा विचारला नाही. "ती गाडी का उभी आहे?" असं विचारलं.

गाडीचा कॉम्प्युटर मेला होता. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा तो डबा गेला, आणि धडधाकट इंजिन मुकं होऊन बसलं. तसाच डबा कुठे मिळत नव्हता. "बाहेरचा बसवता येतो," सुचेता म्हणाली होती, "कुठल्याही इंजिनाला शिकवता येईल असा. फक्त तार अन् तार आपण जोडायची." तेव्हापासून तिचे रविवार या अंगणात जात होते.

दिवाळीच्या सुमारास अवधूतने हातातली पक्कड खाली न ठेवताच लग्नाचं विचारलं. सुचेताने जोड अर्धवट सोडला नाही. तो पुरा करून ती म्हणाली, "गाडी सुरू झाली की सांगते."

आता जानेवारी होता, आणि गाडी सुरू होत नव्हती.

अवधूतने चावी फिरवली. इंजिन गरगरलं, खोकलं, एकदा मागच्या मागे उसळलं आणि गप्प झालं. मागचे काही रविवार हेच चाललं होतं. जिन्याच्या पायरीवर त्याची थोरली बहीण प्रतिमाअक्का अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत बसली होती. भिजलेला दाणा ती बोटांत चिमटायची आणि साल मागे ठेवून तो टुणकन पातेल्यात उडायचा.

"अवधू, ती खोकते आहे बघ. स्वल्प काढा पाज तिला."

"अक्का, तू तुझं बघ."

"माझं सगळं सुरळीत आहे. हे बघ, एका चिमटीत बाहेर. तुम्ही दोघं शिकली-सवरलेली, काय की करता एवढे महिने."

सुचेताने लॅपटॉप मांडीवर ओढला. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकाला दाते असतात, आणि त्यातला एक मुद्दाम काढलेला असतो. प्रत्येक दात पुढून गेला की सेन्सर एक लाट उठवतो, आणि जिथे दात नाही तिथे कॉम्प्युटरला कळतं, इंजिन आत्ता कुठे आहे ते. तिने लाट मोठी करून पाहिली. जिथे चढायला हवी तिथे ती उतरत होती. सदरा उलटा घालावा तशी सगळी लाट उलटी होती.

म्हणजे तारांची अदलाबदल. तिने डॅशबोर्डखाली हात घालून दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या. अक्षर तिचंच, सुवाच्य. एका तारेवर 'काळी', दुसरीवर 'लाल'.

तारा ओळखल्या तो रविवार तिला आठवला. अवधूत खाली, एका हातात मीटरची सुई, दुसऱ्या हातात दात तपासायचा छोटा आरसा, आणि टॉर्च दातांत धरलेला. दिवसभर पेशंटशी कन्नड बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून घाईत रंगही कन्नडच निघतात. वर तिने एका तारेला दुसरी सुई लावली, मीटर वाजला आणि खालून आवाज आला. तिने ऐकलं 'कप्पु'. कप्पु म्हणजे काळा, हे तिला इतक्या दिवसांत पाठ झालं होतं. तो म्हणाला असणार 'केंपु', लाल. दातांत टॉर्च धरून माणसाला ओठ तरी किती हलवता येणार? पुन्हा विचारावं असं तिच्या मनात आलंच नव्हतं. आणि प्रयोगशाळेत ती कुणाचंही एकदाच घेतलेलं मोजमाप खरं धरत नसे.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. दोन पिना काढायच्या आणि एकमेकींच्या जागी बसवायच्या. मग गाडी सुरू होणार, आणि मग सांगावं लागणार.

सुचेताने लॅपटॉप अर्धा मिटला. पुढच्या रविवारी सापडलं म्हटलं तरी कुणाला कळणार नव्हतं. तिच्या फ्लॅटमध्ये सकाळी एका माणसाचा चहा होत असे. पातेलंही तेवढंच होतं. तिला अवधूतची भीती वाटत नव्हती. वाटत होती ती सवय मोडण्याची, आणि मोडून पुन्हा जुळली नाही तर त्याची.

अवधूत बॉनेटवर कोपरं टेकून उभा होता. इंजिनाकडे बघत तो म्हणाला, "मी काय म्हणतो, नाही झाली तर नाही झाली. राहू दे अंगणात. तुम्ही आपल्या रविवारी येत जा."

"सुरू करायची नाही?"

"करायची की. पण घाई काय आहे?" तो फडक्याने आधीच पुसलेले हात पुन्हा पुसत होता. "सुरू झाली आणि तुम्ही नको म्हणालात, तर रविवारचं काय करायचं मी?"

पायरीवर एक दाणा पातेलं चुकवून अंगणात घरंगळला. अक्काने तो उचलला नाही.

सुचेता हसली, म्हणाली, "तुम्ही पेशंटला सांगता ना, दातांनी बाटलीचं झाकण उघडू नका म्हणून?"

"हो. का?"

"आणि टॉर्च चालतो?"

तिने दोन्ही चिठ्ठ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. "केंपु म्हणालात तुम्ही. मी कप्पु ऐकलं."

"मी स्पष्ट म्हणालो होतो."

"टॉर्च म्हणाला असेल."

अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली. "सरी, बरं. म्हणजे गाडीचा काही दोष नाही. दोष भाषेचा."

"कानाचा," सुचेता म्हणाली. "माझ्या."

पिना बदलायला खरोखरच दोन मिनिटं लागली. चिठ्ठ्या तिने नव्या लिहिल्या, आणि त्या चिकटवण्याआधी अवधूतला खाली जाऊन, टॉर्च हातात धरून, रंग मराठीत वाचायला लावले. मग तो येऊन सीटवर बसला. ती शेजारच्या सीटवर. त्याने चावीला हात लावला, पण फिरवली नाही.

"फिरवू?"

"थांबा," सुचेता म्हणाली. "ही सुरू होईल की नाही ते आपण बघूच. त्याआधी माझं ऐका. सर्जापूर रोडचा फ्लॅट मी सोडतेय, अवधूत. इथे राहायला येतेय. लग्नाचा दिवस अक्का काढतील."